रिमोटचा ट्रक आणि पाच वर्षांचा चालक

लहान मुलाच्या हाती रिमोटची गाडी देणे ही वरवर पाहता अगदी सोपी गोष्ट वाटते. खोके उघडावे, सेल घालावेत, दांडी पुढे ढकलावी, की गाडी धावू लागते. परंतु गाडी धावणे निराळे आणि मुलाने ती चालवणे निराळे, हे मला माझ्या नातवाच्या पाचव्या वाढदिवशी कळले. त्या दिवशी माझ्या हातून जी चूक घडली ती वाचकांपैकी कोणा आईवडिलांच्या वा आजी-आजोबांच्या हातून घडू नये, एवढ्याच हेतूने हा पाठ लिहीत आहे.

बडोद्यास मुलीच्या घरी जाताना मी मागे हौदा असलेला, मोठ्या चाकांचा ट्रक नेला होता. दिवाणखान्यातील गुळगुळीत फरशीवर तो ठेवून रिमोट नातवाच्या हाती दिला आणि म्हणालो, "ढकल पुढे!" त्याने दांडी पार टोकापर्यंत ढकलली. ट्रक उसळला, टीपॉयच्या पायावर आदळून उलटा झाला, आणि उताणा पडल्यावरही त्याची चाके घरघरत राहिली. मुलाने रिमोट टाकला व तो आईच्या मागे दडला. पुढे दोन दिवस त्याने ट्रककडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याची भीती जावी म्हणून मी स्वतःच ट्रक फिरवून दाखवू लागलो. शेवटी मुलगी म्हणाली, "पप्पा, ट्रक त्याचा आहे की तुमचा?" हा प्रश्न मला चांगलाच झोंबला, आणि मग मी खोक्यातला सूचनांचा कागद प्रथमच वाचला.

त्या कागदात असे आढळले, की रिमोटवर वेग मर्यादित करणारी एक लहानशी कळ आहे. ती निम्म्यावर ठेवली असती तर पहिला प्रसंग घडलाच नसता.

गाड्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. स्वस्त खेळण्यात खटका दाबला की मोटार पूर्ण वेगाने फिरते आणि सोडला की थांबते. मधली अवस्था नाही. दुसऱ्या प्रकारात दांडी जेवढी ढकलावी तेवढाच वेग मिळतो आणि जेवढी वळवावी तेवढीच पुढची चाके वळतात. लहान मूल पहिल्या प्रकाराने शिकेल असा आपला समज असतो. खरे तर ते दुसऱ्यावर अधिक लवकर शिकते, कारण बोटाची हालचाल आणि गाडीची हालचाल यांचा संबंध त्याला डोळ्यांनी दिसतो. मात्र मोठ्यांच्या छंदासाठी बनवलेल्या वेगवान गाड्या ह्या वयाला मुळीच योग्य नव्हेत. खडकांवरून सावकाश चढणारे ट्रक मिळतात, ते उत्तम. भारतात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे. खरेदीच्या वेळी ते अवश्य पाहावे.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा आरंभ केला, तो ट्रक जमिनीवर न ठेवता. एका जाड पुस्तकावर त्याचे पोट टेकवून चारही चाके अधांतरी ठेवली. आता ट्रक कोठेही पळू शकत नव्हता, म्हणून भीतीचे कारण उरले नाही. नातवाने दूर बसूनच उजवी दांडी हळूच वळवली. पुढची चाके वळली. त्याने पुन्हा वळवली. मग जवळ येऊन चाकांखाली वाकून पाहत त्याने विचारले, "आजोबा, दोरी कुठे आहे?"

प्रश्न उत्तम होता. १८९८ साली न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे निकोला टेस्ला यांनी तारेवाचून, रेडिओलहरींच्या साहाय्याने चालणारी लहान नौका लोकांना दाखवली, तेव्हा तेथील प्रेक्षकांपुढेही हेच कोडे होते. मी नातवाला इतकेच सांगितले, की मी खोलीतून हाक मारतो ती तुला दोरीशिवाय ऐकू येते ना, तसा रिमोट हाक मारतो आणि ट्रक ऐकतो. हाक एकच आणि ऐकणारे दोन असले तर घोटाळा होतो. जुन्या पद्धतीच्या पुष्कळ गाड्या २७ मेगाहर्ट्झवर चालतात. शेजारच्या मुलाची गाडी त्याच लहरीवर असेल तर एका रिमोटने दोन्ही गाड्या चाळे करू लागतात. हल्लीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या गाड्यांत रिमोट व गाडी यांची जोडी जुळवलेली असते, त्यामुळे हा त्रास सहसा होत नाही.

ह्या हाकेवरूनच एक नियम निघतो. सुरू करताना आधी रिमोट, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग रिमोट. हाक मारणारा नसताना ऐकणारा जागा राहिला, तर तो भलत्याच आवाजाने धावत सुटण्याचा संभव असतो.

पुस्तकावरून ट्रक खाली उतरवल्यावर आम्ही एकच दांडी वापरली: पुढे आणि मागे. वळवण्याचे काम त्या दिवशी काढलेच नाही. वेगांना नावे दिली, मुंगी, गाय आणि घोडा. घोडा बांधून ठेवला होता हे सांगायला नको. परंतु नुसते पुढे-मागे करण्यात मुलाचे मन किती वेळ रमणार? येथे माझ्या पत्नीची युक्ती कामी आली. ती दिवाणखान्यात मटार सोलत बसली होती. तिने स्वयंपाकघरात नातवाजवळ शेंगांची टोपली ठेवली आणि सांगितले, "माझ्या शेंगा तू ट्रकने पाठव." हौद्यात शेंगा भरल्या. गाय होऊन ट्रक निघाला की उंबऱ्याशी शेंगा सांडत. मुंगी झाला की सुखरूप पोहोचत. सावकाश चालव, असे मी शंभरदा सांगून जे साधले नसते ते त्या शेंगांनी साधले. त्या संध्याकाळी मटार सोलायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला, याविषयी कोणाची तक्रार नव्हती.

वळवणे मात्र खरोखर कठीण आहे, आणि ते का कठीण आहे हे मोठ्यांनी आधी समजून घ्यावे. ट्रक आपल्यापासून दूर जात असतो तेव्हा त्याचा उजवा हात तोच आपला उजवा हात. तो तोंड फिरवून आपल्याकडे येऊ लागला की सारे उलटे होते. उजवी दांडी दाबावी तर तो आपल्या डावीकडे जातो. मूल येथे गोंधळते, आणि आपण "अरे, तिकडे नाही, इकडे!" असे ओरडून त्याचा गोंधळ वाढवतो. उपाय सोपा आहे. मुलाने ट्रकच्या मागोमाग चालावे. ट्रक वळला की त्यानेही त्याच दिशेला वळावे. आम्ही चपलांच्या जोड्या अंतरा-अंतरावर मांडून त्यांमधून वाट काढली. समोरून येणारा ट्रक वळवणे त्याला दोन आठवड्यांनंतरही जेमतेम जमत होते, आणि त्यात काही बिघडले नाही.

मुलाचे चित्त ट्रकवर खिळलेले असते. ट्रक फाटकाबाहेर गेला तर मूलही पाठोपाठ रस्त्यावर जाईल आणि येणारे वाहन त्याला दिसणार नाही. मला सर्वांत अधिक भय ह्याचेच वाटते. म्हणून जागा चारी बाजूंनी बंद असावी आणि फाटकाला कडी असावी. ट्रक बाहेर गेलाच तर तो मोठ्यांनी आणायचा, हे पहिल्या दिवशीच ठरलेले असावे.

सेलच्या बाबतीतही हयगय करू नये. सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. रिमोटमध्ये बटणासारखा चपटा सेल असल्यास विशेष जपावे: तो गिळला गेल्यास दोन तासांच्या आतही अन्ननलिका भाजू शकते. नुसती शंका आली तरी ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता मुलाला तडक रुग्णालयात न्यावे. लिथियमची बॅटरी मोठ्यांनीच, जागे असताना, उघड्या फरशीवर चार्ज करावी. अंथरुणावर वा रात्रभर कधीही नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. आणि घरात लांब केसांची माणसे असतील तर आठवड्यातून एकदा आसाभोवती गुंडाळलेले केस काढावेत, ट्रक बंद करून. आमच्या ट्रकची मागची चाके अडू लागली त्याचे कारण हेच होते.

परतण्याच्या दिवशी सामान बांधण्याच्या घाईत मी जमिनीवरचा रिमोट उचलला आणि बंद केला. दाराशी बूट घालत बसलेला नातू ओरडला, "आजोबा, आधी ट्रक!"