अडलेलं कार्ड

चि. बाळू यास,


काल ताईचा फोन आला. म्हणाली, तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतोस, डबा न उघडता परत आणतोस. पुढचं मला तुझ्याबरोबर काम करणाऱ्या, आपल्या आळीतल्या मुलाकडून कळलं. तुमच्या कामाच्या बोर्डावर तुझ्या नावाची ९ कार्डं 'चालू'मध्ये आहेत आणि 'पूर्ण'मध्ये गेलेली दोन टेस्टिंगमधून परत आली. पुल रिक्वेस्ट मर्ज झाली की कार्ड आपोआप 'पूर्ण'मध्ये जातं म्हणे. गिटहबच्या नव्या बोर्डावर हा नियम मुळातच चालू असतो आणि तू तो तसाच ठेवलास. अरे, कोड मर्ज झाला म्हणजे काम झालं का? नियम बदल. कार्ड 'तपासणी'त थांबू दे, तपासणाऱ्यालाच ते हाताने पुढे नेऊ दे.

पण माझा जीव त्यात अडकलेला नाही. ९ कामं उघडी ठेवणारा कुठेतरी अडलेला असतो, आणि तू अडलास की गप्प बसतोस. लहानपणी गणित सुटलं नाही की वही दप्तराच्या तळाशी दडपायचास.

तुमचं हे कानबान, म्हणजे बोर्डावर कार्डं लावून काम चालवायची पद्धत, आमच्या कारखान्यांतून तुमच्याकडे आलं. टोयोटात ताइइची ओनोंनी ते बसवलं. अमेरिकेतल्या सुपरमार्केटात गिऱ्हाईक उचलेल तेवढाच माल फळीवर पुन्हा भरतात, त्यावरून त्यांना ते सुचलं. कार्ड आल्याशिवाय माल बनवायचा नाही, खराब नग पुढे ढकलायचा नाही. आणि अडलं तर दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क साध्या कामगारालाही. तुमच्या बोर्डावर रकान्याला कार्डांची मर्यादा घालता येते, पण ती ओलांडली तरी बोर्ड अडवत नाही. दोरी माणसानेच ओढायची असते, बाळू.

मी ओढली नव्हती. १९८८ साली भोसरीच्या कारखान्यात नवा होतो. टूल बिघडलं होतं, भोकात शिरायला नको तो नो-गो गेज सरळ आत जात होता. विचारायची लाज वाटली. कार्डावर सही केली आणि ट्रे पुढे ढकलला. तिसऱ्या दिवशी सगळा लॉट परत आला. बोलणी खाल्ली ती तपासणीच्या टेबलावरच्या एका वयस्कर माणसाने. मी शेजारी उभा होतो, गप्प. ते निवृत्त झाले, पुढे वारले. माझी चूक होती, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

फार रागावून लिहिलं का रे? तू कामचुकार नाहीस, ते मला ठाऊक आहे. सगळं एकट्याने उचलायची सवय तुला तुझा दादा गेल्यापासून लागली, आणि तेव्हा आम्हीच तुला शहाणा, शहाणा म्हणत राहिलो.

उद्याच्या स्टँड-अप बैठकीत ७ कार्डं बॅकलॉगमध्ये परत टाक. उरलेल्या दोनांत जे अडलंय त्यावर 'ब्लॉक्ड' लाव आणि तोंडाने सांग. रविवारी इकडे ये, मामी थालीपीठं लावते म्हणालीय. आणि रात्री दोनला अडलास तरी फोन कर. तुझा कोड मला कळणार नाही, पण मी जागाच असतो.

तुझा,
मामा