कॅम्पर व्हॅनमधील दुसरी बॅटरी

प्रश्न : रात्रभर फ्रिज चालवल्यावर सकाळी व्हॅन सुरू होत नाही. दुसरी बॅटरी घरच्या घरी बसवता येईल का?

उत्तर : येईल. इंजिनाची बॅटरी काही सेकंद मोठा प्रवाह देण्यासाठी घडवलेली असल्याने ती वारंवार खोलवर उतरली की तिच्या पातळ शिसे-पट्ट्या निकामी होतात; म्हणून फ्रिजसाठी ‘डीप सायकल’, म्हणजे सावकाश व खोलवर रिकामी होणे सोसणारी, स्वतंत्र बॅटरी लागते. 12 व्होल्टचा फ्रिज 4 अँपिअर घेत असेल आणि 10 तासांपैकी एकतृतीयांश वेळ त्याचा कॉम्प्रेसर चालत असेल, तर रात्रीचा खर्च सुमारे 13 अँपिअर-तास होतो; शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, हे धरले तरी 100 अँपिअर-तासांची बॅटरी तीन रात्री पुरते. दोन्ही बॅटऱ्या थेट न जोडता मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवावा, कारण तो अल्टरनेटरची वीज योग्य दाबाने पुरवतो आणि इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्यांना वेगळे ठेवतो. फ्यूज वायरचे रक्षण करत असल्याने तो प्रत्येक बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच हवा. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या वायरीला रबरी कडे घालावे, अन्यथा हादऱ्यांनी आवरण घासून शॉर्टसर्किट होते.