बंडूची तयारी

माझा धाकटा भाऊ बंडू ५ वर्षांचा आहे. शिट्टी वाजली की तो कान झाकून पळतो. नवा सदरा टोचतो म्हणून रडतो. लोक त्याला हट्टी म्हणतात. पण बाई म्हणाल्या, "हा हट्ट नव्हे. काही मुलांना आवाज, वास, स्पर्श फार बोचतो."

आमच्याकडे बाळ येणार आहे. तान्हे बाळ २-३ तासांनी दूध मागते, रात्रीही रडते. सुमारे ६ आठवडे रडणे वाढते, मग कमी होते. म्हणून आम्ही बंडूची तयारी आधीच सुरू केली.

१) शेजारच्या बाळाचे रडणे रोज थोडे थोडे, लांबून ऐकवतो.
२) बाळंतशेपा आणि ओव्याचा वास आधीच देतो.
३) बाळाची टाळू मऊ असते. तिथे हात लावायचा नाही, पाय हळू धरायचा, हे चिंध्यांच्या बाहुलीवर शिकवतो.
४) कणगीमागे गोधडी टाकून त्याची जागा केली आहे. आवाज बोचला की तिथे जायचे. तिथे कोणी रागवायचे नाही.
५) बारशाच्या गलक्यात आजोबा त्याला मळ्यात नेणार आहेत.

काल शेजारचे बाळ रडले. बंडूने कान झाकले, गोधडीत गेला. थोड्या वेळाने येऊन म्हणाला, "त्याला भूक लागली."

मित्रांनो, कान झाकणाऱ्या मुलाला चिडवू नका. तो बाळाचा दादा होणार आहे.