हिरव्या पाण्यावर ड्रोन: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

उजनी धरणाच्या बॅकवॉटरला हिरवा तवंग आला की ‘ड्रोन बोलावून एकदा सगळं बघून घेऊ’ असं कुणीतरी म्हणतंच. बोलवा, पण त्याआधी प्रश्न ठरवा. तवंग कुठवर पसरलाय आणि कुठल्या काठाला साचलाय, एवढं ड्रोन सांगतो. पाणी विषारी आहे का, हे कळायला नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेतच न्यावा लागतो. म्हणून बजेट मांडताना आधी तपासणीचे पैसे बाजूला काढा आणि उरतील त्यात ड्रोन बसवा.

सगळं धरण टिपायच्या भानगडीत तर पडूच नका. उजनीचा फुगवटा भरल्यावर तीनशे चौरस किलोमीटरच्या वर जातो. एका बॅटरीत पन्नास हेक्टर धरले तरी सहाशे बॅटऱ्या लागतील. एवढ्या मोठ्या पाण्यासाठी युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह आहे. तो साधारण दर पाच दिवसांनी फोटो काढतो आणि ते कोपर्निकस ब्राउझरवर फुकट बघता येतात. त्यातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर, म्हणजे तवंगाचे मोठे पट्टे त्यात दिसतात. ढग आले की मात्र उपग्रह आंधळा. ड्रोन ढगांखालून उडतो, आणि त्याचं खरं काम छोट्या जागेत आहे: जॅकवेलच्या, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीच्या आसपास, मासळीच्या पिंजऱ्यांभोवती, गावतळ्यावर.

आता दर. साधा कॅमेरा, परवानाधारक पायलट आणि दिवसभराचं काम यासाठी अंतर व जागा पाहून 5 ते 15 हजार रुपये धरून चाला. मल्टिस्पेक्ट्रल (प्रकाशाचे पट्टे वेगवेगळे टिपणारा) कॅमेरा आणि नकाशा हवा असेल तर 15 ते 40 हजार. जीएसटी बहुधा वर लागतो, तो कोटेशनमध्ये धरलाय का ते विचारा. कुणी फवारणीचाच ड्रोन आणतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मल्टिस्पेक्ट्रल म्हटलं की भाव चढतो, म्हणून इथे जरा खोलात जाऊ. शेतीसाठी विकले जाणारे हे कॅमेरे पिकाचा हिरवेपणा मोजायला बनवलेले असतात. असा तवंग बहुधा ज्या निळ्या-हिरव्या शेवाळाचा असतो, त्याचं खास रंगद्रव्य, फायकोसायनिन, 620 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं. हरितद्रव्याची पाण्यातली खूण 705 च्या आसपास उमटते. डीजेआय कंपनीच्या मॅविक 3 मल्टिस्पेक्ट्रल ड्रोनचे पट्टे 560, 650, 730 आणि 860 वर आहेत. म्हणजे दोन्ही खुणा त्यातून निसटतात. तेव्हा पायलटला कॅमेऱ्याचे पट्टे विचारा. त्याला सांगता आले नाहीत तर साधा कॅमेराच घ्या आणि उरलेल्या पैशांत आणखी दोन नमुने तपासा.

वेळ सकाळचीच ठरवा. मायक्रोसिस्टिससारखं शेवाळ पेशींतल्या वायूच्या पोकळ्यांमुळे वर तरंगतं आणि वारा पडलेला असताना पृष्ठभागावर साचतं. वारा सुटला की काठाला ढकललं जातं किंवा पाण्यात मिसळतं. भर दुपारी सूर्याची चमक फोटो खाऊन टाकते. आणखी एक अडचण फारसं कुणी सांगत नाही: उघड्या पाण्यावर ओळखीच्या खुणा नसतात, त्यामुळे सॉफ्टवेअरला फोटो जोडता येत नाहीत. म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये थोडा काठ येईल असं उड्डाण मागा, नाहीतर पैसे देऊन अर्धवट नकाशा पदरी पडेल.

फोटोत तवंग दाट दिसेल तिथून आणि जॅकवेलजवळून, दोन्हीकडून त्याच दिवशी नमुने घ्या. या शेवाळाच्या विषाची, मायक्रोसिस्टिनची, एलायझा तपासणी 96 खणांच्या किटवर होते. दर तपासणीत प्रमाण द्रावणांनाही खण लागतात, त्यामुळे एकटा नमुना महाग पडतो. शेजारच्या दोन-तीन गावांचे नमुने एकत्र पाठवले तर खर्च वाटला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने कायम पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआरची तात्पुरती मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. पाणी उकळल्याने हे विष जात नाही. त्यामुळे अहवाल येईपर्यंत तवंगाचं पाणी माणसांना देऊ नका, गुरांनाही पाजू नका.

कागदपत्रांत कसूर नको. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमवरच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक आणि त्रयस्थ विमा लागतो, पैसे घेऊन उडवणाऱ्याला पायलट प्रमाणपत्रही. ग्रीन झोनमध्ये चारशे फुटांपर्यंतच उडवता येतं. तुमची जागा कुठल्या झोनमध्ये आहे ते सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर बघा. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, म्हणून ‘बाहेरून आणलेलं मशीन’ ऐकलं की नोंदणी क्रमांक आधी मागा. धरणाच्या भिंतीजवळ जायचं असेल तर जलसंपदा विभागाचं लेखी पत्र घ्या. हिवाळ्यात बॅकवॉटरकाठच्या भिगवणकडे रोहित पक्षी उतरलेले असतील तर तिकडे ड्रोन नेऊच नका.

कोटेशनमध्ये प्रवास, खराब हवामानामुळे रद्द झालेला दिवस आणि दुसरी फेरी यांचे दर वेगळे लिहून घ्या. मूळ फोटो अक्षांश-रेखांशांसह तुमच्या पेनड्राइव्हवर आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.