शंभरच्या स्टॅम्पवरचं साठेखत कोर्टात नेण्याआधी

शेजाऱ्याने बांध कोरला, भावकीतल्या कुणी उभ्या पिकात नांगर घातला, की माणूस वकिलाकडे जातो आणि मनाई हुकूम मागतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, कोर्ट फी किती? नुसत्या कायम मनाईच्या दाव्याला ती नाममात्र असते, तिची चिंता नको. पैसे जातात ते पिशवीतल्या कागदांवर. समोरच्याने ‘हा कागद आम्हाला मान्य नाही’ असं म्हटलं की तो पुराव्यात वाचून घ्यायला किती पडतील, याचा हिशेब दावा लावण्याआधी करावा. कागदाचे काही दोष पैसे भरून निघतात, काही कितीही भरले तरी निघत नाहीत.

पैशाने निघणारा दोष म्हणजे कमी मुद्रांक. गावोगाव शंभरच्या स्टॅम्पवर साठेखत झालेलं असतं आणि त्यात एक ओळ हमखास असते, ‘मिळकतीचा ताबा आज रोजी दिला.’ ताबा शाबित करायला हीच ओळ तुम्हाला हवी असते आणि हीच महागात पडते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे ताब्यासह केलेलं साठेखत खरेदीखतच धरलं जातं, म्हणजे मुद्रांकही खरेदीखताचाच. तो भरलेला नसेल तर कलम ३४ नुसार कागद कोणत्याही कारणासाठी पुराव्यात घेता येत नाही. कोर्ट तो अडकवून ठेवतं आणि मूल्यांकनासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतं. तिथल्या फेऱ्या आणि कोर्टातल्या तारखा वेगळ्या.

दंडाचा दर आहे दरमहा २ टक्के, कमी भरलेल्या रकमेवर, कागद झाल्या दिवसापासून. कमाल दंड चौपट. समजा मुद्रांक ४०,००० रुपयांनी कमी आहे. महिन्याला ८०० रुपये चढतात. कागद १० वर्षांचा असेल तर दंड ९६,००० आणि मुद्रांकासह एकूण १,३६,००० रुपये. १६ वर्षं ८ महिने उलटले की दंड १,६०,००० वर थांबतो, म्हणजे एकूण २,००,०००. दिलासा एवढाच की किंमत कागद झाला त्या दिवसाची धरतात, आजची नाही. म्हणून त्या वर्षीचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता पाहून आकडा आधीच काढून घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या अभय योजनेत दंडात मोठी सूट होती. तशी पुन्हा येईल या आशेवर तारखा मागत बसणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

हाच नियम उलटाही चालतो. कमी मुद्रांकाचा कागद समोरच्याने हजर केला, तर हरकत त्याच क्षणी घ्यायची. एकदा तो पुराव्यात दाखल झाला की मुद्रांकाची हरकत पुन्हा काढता येत नाही. वकिलाची फी वसूल होते ती अशा एका वाक्यात.

न निघणारा दोष म्हणजे नोंदणी नसणं. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीचं खरेदीखत नोंदवलेलं नसेल तर मुद्रांक आणि दंड भरूनही त्यावर मालकी शाबित होत नाही. फार तर ताबा कशा स्वरूपाचा होता अशा आनुषंगिक गोष्टीसाठी ते वाचता येतं. आणि नोंदणी आता करू म्हणाल तर मुदत कागद झाल्यापासून चार महिने, उशिराचा दंड भरून आणखी चार. जुन्या कागदाला ही वाट बंद. अशा कागदावर दीड-दोन लाख दंड भरण्याआधी वकिलाला सरळ विचारा, ‘एवढं भरून माझ्या दाव्यात यातून काय शाबित होणार?’ उत्तर गुळमुळीत आलं तर ते पैसे ठेवा.

झेरॉक्सचं प्रकरण वेगळं. मूळ कागद कुठे आहे, का आणता येत नाही, हे आधी शपथेवर सांगावं लागतं, मगच दुय्यम पुरावा देता येतो. मूळ समोरच्याच्या कपाटात असेल तर आधी त्याला हजर करण्याची नोटीस. नोंदलेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, खर्च किरकोळ. पण नकलेने मजकूर कळतो, सही कुणाची ते वेगळं शाबित करावं लागतं. कागदावर निशाणी क्रमांक पडला म्हणजे तो शाबित झाला, हा पक्षकारांचा आवडता गैरसमज.

सही नाकारली तर सगळ्यात स्वस्त साक्षीदार म्हणजे त्या कागदावरचा साक्षीदार. समन्सचा भत्ता भरा आणि माणूस जिवंत, चालता-बोलता असेतो त्याला उभा करा. हस्ताक्षरतज्ज्ञाची फी, त्याचे नमुने, पुन्हा त्याची उलटतपासणी, हे त्यानंतर. त्याच्याही आधीचा एक उपाय फार कमी जण वापरतात. कागद कबूल करा अशी नोटीस समोरच्या पक्षाला द्यायची. उगाच नाकारलं तर तो शाबित करण्याचा खर्च त्याच्या अंगावर पडू शकतो.

आजोबांच्या ट्रंकेतला मोडी कागद असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. आकार पानावर असतो, आधी ठरवून घ्या. कागद ३० वर्षांहून जुना आणि जिथे असायला हवा तिथूनच आलेला असेल तर सही खरी असल्याचं कोर्ट गृहीत धरू शकतं. ही सवलत मूळ कागदाला असते, त्याच्या झेरॉक्सला नाही.

स्वस्त कागदही आहेत. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांना मिळतो. कोर्टात द्यायच्या शपथपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, कुणी विकू लागलं तर घेऊ नका. सातबाऱ्याने मालकी ठरत नाही, तरी नोंद चुकीची ठरेपर्यंत ती खरी धरली जाते. निशाणी ५, म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, पुष्कळदा पीकपाहणीच्या रकान्यावरच झुकतो. त्या टप्प्यावर शपथपत्रं आणि प्रथमदर्शनी ताबा पाहतात. मुद्रांकाची हरकत मात्र तिथेही आडवी येऊ शकते.

समोरच्याने मालकीवरच गंभीर प्रश्न उभा केला असेल तर नुसती मनाई मागून भागत नाही, मालकी ठरवून मिळावी अशीही मागणी जोडावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली अनाथुला सुधाकर प्रकरणात हे स्पष्ट केलं. मग कोर्ट फी वाढते. स्त्री वादीला मालमत्तेच्या वादात कोर्ट फी माफीची १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना आहे. आपल्या दाव्याला ती लागू होते का, ते फी भरण्याआधी विचारा.

वकिलाची फी टप्प्याटप्प्याने लिहून घ्या: दावा आणि निशाणी ५, पुरावा, युक्तिवाद. कागद अडकला तर मुद्रांक कार्यालयातलं काम त्यात धरलंय की वेगळं, हेही तेव्हाच. परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही, इतरांना वार्षिक ३ लाखांपर्यंत. चौकशीचा क्रमांक १५१००.