नांगरामागचे बगळे आणि खडकातील वाम

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावच्या परिसरात उसाचा खोडवा मोडून रान नांगरावयास घेतले, की थोड्याच वेळात गायबगळ्यांचा थवा नांगरामागे उतरतो. उलथलेल्या मातीतील अळ्या, किडे, बेडकुळ्या टिपण्यासाठी त्यांची झुंबड उडते. नांगर बैलांचा की ट्रॅक्टरचा, याचे बगळ्यास सोयरसुतक नसते. चरणाऱ्या म्हशीच्या पायांशी घुटमळणारा बगळाही हेच करीत असतो. गुरांसोबत हिंडणारा बगळा एकट्या बगळ्यापेक्षा कमी पावले टाकून अधिक भक्ष्य मिळवितो, असे पक्षिशास्त्रज्ञांना आढळून आले आहे. एकाने उठवावे आणि दुसऱ्याने टिपावे, असा हा व्यवहार होय.

समुद्रातील प्रवाळखडकांत हा व्यवहार आणखी एक पायरी पुढे गेला आहे. तेथील मोरे जातीची वाम ही भीमेच्या पात्रातील वामेहून निराळी. नदीतली वाम दिसावयास तशी असली, तरी तिचे कूळ वेगळे आहे. मोरे वाम बहुधा रात्री शिकार करते आणि खडकाच्या अरुंद कपारींत सहज शिरते. हेकरू मासा दिवसा, मोकळ्या पाण्यात शिकार करतो. त्याचे भक्ष्य कपारीत दडले, की त्याचा इलाज खुंटतो. तांबड्या समुद्रातील निरीक्षणांवर आधारलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. अशा वेळी हेकरू विसावलेल्या वामेपुढे जाऊन जोरजोराने डोके हलवितो, आणि पुष्कळदा ती बाहेर पडून त्याच्यासोबत निघते, असे त्यात नमूद आहे. भक्ष्य दडलेल्या जागेवर हेकरू डोके खाली करून उभा राहतो व जणू ती जागाच दाखवितो. वाम आत शिरली, की लहान माशास दोनच वाटा उरतात: आत वाम, बाहेर हेकरू. शिकार ज्याला सापडेल तो ती सगळीच गिळतो, त्यामुळे वाटणीचा तंटा उद्भवत नाही. म्हैस मात्र बगळ्यास कधी बोलावीत नाही; दोहोंतील मोठा भेद हाच.

केडगावच्या ऊसपट्ट्यात नांगरामागच्या या सोबतीला मोल आहे, ते हुमणीमुळे. हुमणीची अळी पावसाळ्यात उसाची मुळे कुरतडते आणि उभा ऊस वाळतो. तिचे भुंगेरे जमिनीत दडून राहतात व वळिवाच्या पहिल्या सरींनंतर सांजवेळी कडुनिंब, बाभळीवर जमतात. त्या वेळी फांद्या हलवून ते गोळा करावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, ही शिफारस जुनीच आहे. भुंगेरे बांध ओळखत नाहीत, म्हणून हे काम साऱ्या गावाने एकाच वेळी केले तरच उपयोगी पडते. खोल उन्हाळी नांगरटीने दडलेले किडे उघडे पडतात. पुढचे काम ऊन आणि पक्षी करतात. बगळा काही हुमणीच निवडून खात नाही, हे खरे. बेडकासारखा उपकारक जीवही तो गिळतो. तरीही जमिनीत विषारी दाणेदार औषध पेरून पक्ष्यांनाच धोक्यात घालणे हिताचे नव्हे. अशा औषधांपैकी फोरेटवर केंद्र शासनाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली आहे.

नांगरट कोणत्या वेळी करावी, याचा विचार मात्र फारसा होत नाही. ट्रॅक्टर भाड्याने मिळेल त्या वेळी, प्रसंगी रात्रीही, रान नांगरून घेतले जाते. बगळे तेव्हा झाडांवर विसावलेले असतात. सकाळी ते येतात खरे, परंतु तोवर बऱ्याच अळ्या पुन्हा मातीत शिरलेल्या असतात.