आधी परमिट, मग विमान

अगं, गोरिला बघायला जायचं ठरवलंस, फार बरं केलंस. पण विमानाचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून ते आधी काढून मोकळी होऊ नकोस. आधी परमिट. त्यावरची तारीख पक्की झाली की बाकी सगळं तिच्या मागून ठरव. एका कळपाला दिवसातून एकदाच भेटता येतं, आठच जणांना, तेही तासभर. म्हणून जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांतली परमिटं कितीतरी आधी संपतात.

रवांडात परमिटाला १५०० डॉलर पडतात, युगांडात ८००. पण युगांडातल्या एंटेबे विमानतळाहून गोरिलांच्या ब्विंडी जंगलात जायला अख्खा दिवस गाडीत जातो. त्यापेक्षा रवांडातल्या किगालीला उतरा आणि सरहद्द ओलांडून ब्विंडी गाठा. युगांडा, रवांडा, केनिया तिन्हींना चालणारा एकच पर्यटक व्हिसा १०० डॉलरमध्ये मिळतो. परमिट ब्विंडीच्या कोणत्या नाक्याचं, बुहोमाचं, रुहिजाचं, रुशागाचं की न्कुरिंगोचं, हे मात्र खोली घेण्याआधी बघ. जंगल एकच असलं तरी या नाक्याहून त्या नाक्याला जायला तासन् तास लागतात, आणि सकाळी आठच्या आत तिथे हजर राहावं लागतं. जाताना पासपोर्ट जवळ ठेव. धाकट्याला यंदा आजीकडेच ठेवा, १५ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत.

कोरड्या महिन्यांतही तिथे पाऊस येतो. पायमोजे पँटवरून ओढून घे, नाहीतर मुंग्या आत शिरतात. बागकामाचे जाड हातमोजे ने. तोल जाताना हात नेमका आग आग करणाऱ्या झुडपावर पडतो. आणि हमाल घेच. तू रोज चालतेस, ठाऊक आहे मला. पण चिखलाच्या उतारावर तो खाली उभा राहून हात पुढे करतो, तेव्हा गुडघे वाचतात. शिवाय जंगल राखल्याचे चार पैसे त्या गावात राहतात, ते मला फार मोलाचं वाटतं. डॉलरच्या नोटा कोऱ्या आणि अलीकडच्या सालच्या ने, जुन्या कुणी घेत नाही. चिवडा-लाडू डब्यात भर; रवांडात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना २००८ पासून बंदी आहे.

आता नीट ऐक. आपली सर्दी गोरिलांना लागते. २००९ मध्ये रवांडातल्या एका कळपात माणसांमधला श्वसनविकाराचा विषाणू शिरला, त्यात एक मादी आणि तान्हं पिल्लू गेलं. डोंगरी गोरिला जगात जेमतेम हजारावर उरलेत. तेव्हा त्या सकाळी घसा खवखवत असला, तर गोळी घेऊन खोकला दाबू नकोस. सरळ सांग आणि मागे राहा. पैसे बुडाले तरी बुडू देत. मास्क नाकाखाली घसरू देऊ नकोस, १० मीटरचं अंतर सोडू नकोस. पिल्लं खेळता खेळता तुझ्याकडे येतील, तेव्हा मागे सरायचं काम तुझं. फोटो थोडे काढ, तास भुर्रकन जातो.

पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी घे, आणि तिचं पिवळं कार्ड परतीच्या प्रवासातही हातातल्या पिशवीतच ठेव. मुंबईला उतरल्यावर ते दाखवावं लागतं.